गळ्याचा रंग आणि हिवाळ्याचा पत्ता

९९.९७ टक्के. उत्तर अमेरिकेतल्या सोनपंखी आणि नीलपंखी वार्ब्लरचे जनुकसंच एवढे सारखे आहेत. वजन जेमतेम ९ ग्रॅम. चण आपल्या वटवट्यांची, कूळ मात्र निराळं. २०१६मध्ये दोघांचे संपूर्ण जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा ठळक फरक निघाला फक्त ६ ठिकाणी. त्यांतल्या ४ जागा पिसांच्या वाढीशी किंवा रंगाशी निगडित जनुकांजवळच्या. सोनपंखीचा गळा काळा, नीलपंखीचा पिवळा.

आता दुसरे आकडे पाहा. नीलपंखी सुमारे ७ लाख, आणि आययूसीएनच्या लेखी त्याची फारशी काळजी नाही. सोनपंखी ४ लाखांच्या आसपास, 'संकटसमीप' गटात. १९६०च्या दशकापासून तो निम्म्याहून अधिक घटला आहे.

दोष बराच काळ संकराला दिला गेला. या दोघांचं मीलन सर्रास होतं. १८७४मध्ये तर त्यांच्या संकरित संततीलाच दोन स्वतंत्र जाती समजून नावं दिली गेली होती. पडीक शेतांवरची झुडपं वाढून दाट जंगल होणं, हेही एक खरं कारण. पण एवढ्याने हिशेब जुळत नाही, कारण सोनपंखी सगळीकडे सारखा घटलेला नाही. महासरोवरांच्या प्रदेशात तो बऱ्यापैकी टिकून आहे. एकट्या मिनेसोटात जवळपास निम्मे सोनपंखी वीण घालतात. अ‍ॅपलाचियन डोंगररांगांत मात्र ९५ टक्क्यांच्या आसपास संपले. सरासरी पाहिली की हा फरक दिसतच नाही.

उत्तर मिळालं पक्ष्यांच्या पाठीवर बांधलेल्या इवल्याशा प्रकाशनोंदी यंत्रांतून. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात महासरोवरांकडचे सोनपंखी मध्य अमेरिकेत हिवाळा काढताना आढळले. नीलपंखीही तिथलेच हिवाळी पाहुणे, आणि त्यांची संख्या स्थिर. अ‍ॅपलाचियन सोनपंखी मात्र मुख्यतः व्हेनेझुएलाच्या बाजूला उतरतात, आणि तिथली जंगलं अधिक तुटली आहेत. म्हणून मला संकरापेक्षा या जंगलांची धास्ती जास्त वाटते. विणीची जागा कितीही जपली, तरी हिवाळ्यात गेलेला पक्षी वसंतात परतत नाही.

या दोघांचं तिसरं भावंडही होतं, बाकमनचा वार्ब्लर. त्याचा हिवाळा क्युबात जायचा. तिथली रानं मोठ्या प्रमाणावर उसाखाली गेली. अमेरिकी सरकारने २०२३मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं.