पेटीतला सोबती

ज्यांचे कोणी आप्त आखाती देशांत वा अमेरिकेत नोकरीस होते, अशा आमच्या कित्येक वाचकांच्या घरी कपाटाच्या तळाशी एखादी काळी चपटी पेटी अद्याप पडून असेल. झाकण उघडावे तो आत चौसष्ट घरे, बोटाच्या पेराएवढी लोहचुंबकी मोहरी आणि पटाच्या दोन कडांना लाल ठिपक्यांसारखे दिवे. प्रवासात एकट्याने बुद्धिबळ खेळण्याचे हे यंत्र.

आमच्या निपाणीच्या घरी ती पेटी १९८६ साली आली. मस्कतहून रजेवर आलेल्या धाकट्या काकांनी ती वडिलांपुढे ठेवली आणि म्हणाले, "दादा, आता तुम्हांला गडी शोधायला नको."

गडी नव्हता हे खरेच होते. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. रोज संध्याकाळी शेजारचे पोस्टमास्तर आमच्या सोप्यावर येऊन बसत. ते कानडी, आम्ही मराठी. ते 'कुदुरे' म्हणत आणि वडील 'घोडा' म्हणत, पण घोडा अडीच घरेच जाई. त्यांची बदली विजापूरला झाली आणि पट खुंटीवर गेला.

अशी यंत्रे तेव्हा जगात नवी नव्हती. १९७७ साली अमेरिकेतील फिडेलिटी कंपनीचा चेस चॅलेंजर विक्रीस आला, तो या जातीचा पहिला. पुढील चार-पाच वर्षांतच बॅटरीवर चालणारी, प्रवासी पिशवीत मावणारी यंत्रे निघाली. हाँगकाँगच्या नोव्हॅग व सायसिस आणि म्युनिकचे मेफिस्टो ही त्यांतली मोठी नावे. आपल्याकडे मात्र परदेशी वस्तूंवर जबर जकात असल्यामुळे ती बहुधा नातेवाइकांच्या सामानातूनच येत. यंत्राची बुद्धी बेताचीच होती. १९८५ साली हॅम्बुर्ग येथे कास्पारोव्हने अशी बत्तीस यंत्रे एकाच वेळी खेळावयास घेतली आणि बत्तीसही डाव जिंकले. अडचण काय ती एका डावात आली, आणि ते यंत्र नेमके त्याच्याच नावाने विकले जाणारे होते! पुढे १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या संगणकाने त्याला हरविले; पण ते यंत्र पिशवीत मावणारे खासच नव्हते.

खेळण्याची रीत सोपी. मोहरे उचलण्यापूर्वी त्या घरावर किंचित दाबायचे, मग ज्या घरी न्यायचे तेथे दाबायचे. यंत्र थोडा वेळ विचार करी आणि दोन कडांचे दोन दिवे लावून आपले घर दाखवी. त्याचे मोहरे आपणच हलवायचे. पायरी वाढविली की विचारही लांबे. निपाणीहून बेळगावला निघालेल्या यस्टीत तवंदीच्या घाटात विचारात पडलेली पेटी संकेश्वर आले तरी उत्तर देत नसे, आणि तोवर मागच्या बाकावरचे चार जण वडिलांना चाल सुचवून मोकळे झालेले असत.

पण पहिल्याच रात्री घोटाळा झाला. वडिलांनी राजा घोड्याच्या चालीने हलविला. पेटी नुसती कुरकुरली. पुन्हा दाबले, पुन्हा कुरकुर. "अरे, ह्याला राजाचा मान ठाऊक नाही!" असे म्हणून वडिलांनी झाकण लावले.

दोष कोणाचाच नव्हता. वडील खेळत तो देशी डाव. त्यात प्यादे पहिल्या चालीसही एकच घर चाले, शह न बसलेल्या राजास एकदा घोड्याची उडी घेता येई, शेवटच्या घरी पोहोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरी जाई तेच होई, किल्लेकोट नसे. मीर सुलतान खान हा पंजाबी खेळाडू देशी पद्धतीत वाढलेला. पुढे नव्या नियमांनी खेळून त्याने १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. मूळच्या सांगलीच्या खाडिलकर घराण्यातील वासंती, जयश्री व रोहिणी या भगिनींची नावे वर्तमानपत्रांत गाजली तीही आंतरराष्ट्रीय नियमांवर. हे सर्व वडिलांना ठाऊक होते. पण सोप्यावर बसून ते नियम पाळण्याची गरज त्यांना कधी पडली नव्हती. पेटीने ती पाडली.

दोन महिने त्यांनी पेटीकडे पाहिले नाही. मग एके रात्री आम्हीच त्यांना किल्लेकोट करून दाखविला. दिवाळीपर्यंत ते तिसऱ्या पायरीवर जिंकू लागले. कपाळावरची आठी गेली, हे आईने आम्हांला पुढे सांगितले.

पुढल्या उन्हाळ्यात पोस्टमास्तर भेटीस आले. लाकडी पट खुंटीवरून उतरला. वडिलांनी वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकले. पोस्टमास्तरांनी ते हलकेच एक घर मागे सरकविले आणि म्हणाले, "दिवाणजी, आपला डाव विसरलात की काय?" वडील ओशाळले. त्या दिवशी ते देशी रीतीनेच खेळले, पण दर चार चालींनी हात अडखळे. डाव अर्धाच राहिला आणि चहा आला. पोस्टमास्तर पुन्हा आले नाहीत. बहुधा त्यांचे येणेच झाले नाही. आम्हांला मात्र तो सरकविलेला प्यादा अजून दिसतो. पेटी आम्ही शिकवून दिली होती.

वडील गेल्यावर पेटी ट्रंकेत पडली, आणि आतली बॅटरी काढावयाचे आम्हांस सुचले नाही. ती पाझरून पितळी पट्ट्यांवर हिरवा-पांढरा क्षार चढला. (वाचकांपैकी ज्यांच्याकडे अशी पेटी असेल त्यांनी बॅटरी आजच काढावी.) गेल्या महिन्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराने पट्ट्या खरवडून दिल्या. दिवे लागले. आम्ही एकटेच होतो. राजा घोड्याच्या चालीने हलवून पाहिला. पेटी पूर्वीसारखीच कुरकुरली.

देशी डावाचे काही बारकावे आम्हांलाही नीट आठवत नाहीत. 'प्यादे मात' कोणत्या गावी कशी मानीत आणि एकटा राजा उरल्यावर काय होई, यांविषयी निपाणीत व सांगलीकडे वेगवेगळे ऐकावयास मिळते. कोणा वाचकाच्या घरी हे नियम वडीलधाऱ्यांनी लिहून ठेवलेले असतील, तर त्यांची नक्कल मासिकाच्या पत्त्यावर अवश्य धाडावी.