गुळवेलीचा अर्क आणि तक्त्यातले अधिकचिन्ह

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत गुळवेल शोधण्यासाठी जंगल गाठावे लागत नाही. किनवट-माहूरच्या सागवानी रानात ती आहेच, पण बांधावरचा कडुनिंब, शाळेच्या कुंपणाची तार किंवा पडक्या वाड्याची भिंत यांपैकी काहीही तिला चढायला पुरते. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातील वनस्पतिशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे प्रकल्पाचा विषय निवडण्याची वेळ आली की ही सहज हाती लागणारी, वैद्यकात ‘अमृता’ आणि ‘गुडूची’ या नावांनी गौरवलेली वेल पुढे येते, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. मात्र वेल तोडण्यापासून तिच्यातील घटकद्रव्य ओळखण्यापर्यंतचे काम बारकाईने पाहिले, तर त्यातला अवघड भाग प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच उरकावा लागतो असे दिसते.

हा भाग म्हणजे ओळख पटवणे. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध असून, पावसाळा सरताना, उत्तरा नक्षत्रात, तेथे पाला-मुळ्या शोधणाऱ्यांची गर्दी होते. बहुतेक झुडपांना त्या दिवसांत फुले किंवा फळे असल्याने ती ओळखणे सोपे जाते. गुळवेलीचे तसे नाही. तिला फुलोरा येतो तो उन्हाळ्यात, पाने गळून गेलेली असताना, आणि नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर असतात. त्यामुळे सप्टेंबरात तोडलेल्या नमुन्याला भरघोस पाने असली तरी फूल नसते आणि सारी मदार खोडावर राहते. अंगठ्याएवढ्या जाडीच्या खोडावरची कागदासारखी पातळ साल नखाने सुटते, तिच्याखाली हिरवा थर दिसतो, फांद्यांवरून सुतळीसारखी हवाई मुळे खाली लोंबतात, आणि खोड आडवे कापले की बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या आढळतात. पानाची खालची बाजू लवदार निघाली तर ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया नसून तिची बहीण टिनोस्पोरा सायनेन्सिस असण्याचा संभव असतो. अशा वेळी व्ही. एन. नाईक यांचा १९९८ चा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ उघडावाच लागतो. त्यानंतर एक फांदी दाबून, वाळवून, जागा व तारीख लिहून वनस्पतिसंग्रहात, म्हणजे हर्बेरियममध्ये, क्रमांकासह ठेवली जाते.

हा क्रमांक म्हणजे निव्वळ कारकुनी नव्हे, हे करोनाच्या काळात दिसून आले. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा आयुष मंत्रालयाने घेतलेला मुख्य आक्षेप असा होता की रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली हे तपासलेलेच नाही, आणि ती खडबडीत गाठींच्या खोडाची टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकेल. पुढे अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासातून मात्र, खऱ्या गुळवेलीनेही काही व्यक्तींमध्ये, विशेषतः ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा कल आहे अशांमध्ये, यकृतदाह होऊ शकतो असे पुढे आले. असा वाद सोडवायचा तर आधी वनस्पती नीट ओळखलेली असावी लागते.

पुढचे काम वाळवण्याचे. खोड इतके रसदार असते की कापून टांगलेला तुकडाही कित्येक दिवस हिरवा राहतो, म्हणून ते उभे चिरून, बारीक चकत्या करून सावलीत पसरतात. पावसाळ्यात हलगर्जी झाली तर बुरशी धरते आणि तो नमुना टाकून द्यावा लागतो. उलट मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये सावलीतले वाळवण लवकर होते, पण ते उन्हात ठेवण्याचा मोह आवरावा लागतो, कारण उष्णतेने आणि उजेडाने काही घटकांचे विघटन होते. वाळलेल्या चकत्यांची भरड पूड करतात, वस्त्रगाळ नव्हे. अतिबारीक पुडीतून द्रावक नीट झिरपत नाही.

ही पूड गाळणकागदाच्या नळकांड्यात भरून सॉक्सलेट उपकरणात ठेवतात. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी रचलेले हे काचेचे उपकरण आज वनस्पतींच्या अर्कासाठी जगभर वापरले जाते. खालच्या चंबूतील द्रावक तापून वर जातो, कंडेन्सरमध्ये थंड होऊन पुडीवर थेंबाथेंबाने पडतो आणि कप्पा भरला की वक्रनळीतून सगळा एकदम खाली उतरतो. हे आवर्तन सहा-आठ तास चालू राहते. आधी पेट्रोलियम ईथर मेण व चरबी काढून नेतो, मग क्लोरोफॉर्म आणि शेवटी मेथॅनॉल. कंडेन्सरला या सगळ्या वेळात थंड पाण्याचा प्रवाह लागतो, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात ही गोष्ट किरकोळ नाही. नळ सोडून ठेवण्याऐवजी बादलीत कूलरचा छोटा पंप टाकून तेच पाणी फिरते ठेवणे आणि अधूनमधून बर्फ घालणे, हा त्यावरचा व्यवहारी तोडगा आहे.

मेथॅनॉल उडवून लावल्यावर तळाशी काळसर तपकिरी, चिकट अर्क उरतो. त्याचा थोडा अंश सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळून गाळला आणि त्यात ड्रॅगेनडॉर्फ अभिकर्मकाचे, म्हणजे बिस्मथ व पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाचे, थेंब टाकले की नारिंगी-लाल साका बसतो. अल्कलॉइड, म्हणजे नत्रयुक्त आणि बहुधा कडू असणारी वनस्पतिद्रव्ये, असल्याची ही खूण. फेरिक क्लोराइडने काळपट निळा किंवा हिरवा रंग आला तर टॅनिनसारखी फिनॉलवर्गीय द्रव्ये, पाण्यात हलवून टिकाऊ फेस आला तर सॅपोनिन. प्रत्येक कसोटीपुढे तक्त्यात अधिक किंवा उणे चिन्ह पडते, आणि दुर्दैवाने अनेक शोधनिबंध येथेच थांबतात. अधिकचिन्ह सांगते ते एवढेच की अमुक वर्गातले काहीतरी आहे. कोणते, किती आणि त्याने शरीरात काय होते, यांतले काहीच नाही. शिवाय ड्रॅगेनडॉर्फची कसोटी काही प्रथिनांमुळेही फसते.

पुढचे पाऊल पातळथर वर्णलेखनाचे. सिलिकाचा लेप असलेल्या पट्टीवर अर्काचा आणि शेजारी शुद्ध बर्बेरिन या अल्कलॉइडचा सुईच्या टोकाएवढा ठिपका देऊन पट्टी द्रावकात उभी केली, की घटक आपापल्या वेगाने वर चढतात. अतिनील दिव्याखाली, ३६६ नॅनोमीटरला, बर्बेरिनचा ठिपका झगझगीत पिवळा दिसतो आणि अर्कात त्याच उंचीवर तसाच पिवळा ठिपका असेल तर वर्गाऐवजी एका द्रव्याचे नाव घेता येते. दारुहळदीच्या तुलनेत ते गुळवेलीत फारच थोडे असते. तिच्यात पामाटिन व मॅग्नोफ्लोरिन ही अल्कलॉइडे, कडवटपणा देणारी डायटर्पिन लॅक्टोने आणि मोठ्या रेणूंच्या बहुशर्कराही आहेत. नाव कळले म्हणजे औषध हाती आले असेही नाही. अडुळशातील वासिसिनच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचे औषध घडले ते रेणू बदलून आणि चाचण्यांतून पार पाडून.

वैद्यांकडील गुळवेल सत्त्वाकडे पाहताना हीच सावधगिरी हवी. ताजे खोड ठेचून रात्रभर पाण्यात भिजवतात, कुस्करून फडक्यातून गाळतात आणि पाणी स्थिर झाल्यावर वरचे ओतून देऊन तळाचा पांढरा साका वाळवतात. हा साका मुख्यतः पिष्ट आहे. पाण्यात विरघळणारे कडू घटक बऱ्याच अंशी ओतलेल्या पाण्याबरोबर जातात. म्हणून सत्त्व निरुपयोगी, असा निष्कर्ष काही विद्यार्थी ड्रॅगेनडॉर्फच्या फिकट रंगावरून काढतात. परंतु वैद्य जीर्णज्वरासाठी काढा देतो आणि दाह व पित्तासाठी सत्त्व. दोन कामांसाठी एकाच वेलीचे दोन वेगळे भाग त्याने आधीच निवडलेले असतात, आणि दुसऱ्या भागाची परीक्षा अल्कलॉइडच्या कसोटीने घेण्यात अर्थ नाही.