मार्केटिंगचा रेझ्युमे: अनुभव नाही म्हणता, मग ऑर्डर कोण घेत होतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, किंवा जे आज इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना दर दोन वाक्यांनी आलेलं 'ॲक्च्युअली' काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय: मार्केटिंगच्या नोकरीसाठी रेझ्युमे आणि कव्हर लेटर. हा कोडिंगवाला मार्केटिंगवर का बोलतोय, असं वाटेल. तर बी.टेक. झाल्यावर माझी पहिली दोन वर्षं भरतीच्या सॉफ्टवेअरवर गेली. उमेदवाराची फाईल आली की त्यातून नाव, फोन, शिक्षण, अनुभव वेगळं काढून योग्य रकान्यात भरायचं, हे आमच्या कोडचं काम. आणि खरं सांगतो, सगळ्यात देखण्या फाईली मार्केटिंगवाल्यांच्या असायच्या, आणि आमच्या कोडचा सगळ्यात जास्त घोळ त्याच फाईलींवर व्हायचा.

का, ते आधी उरकून टाकू. पीडीएफमध्ये आपल्याला परिच्छेद दिसतो, पण आत बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं की 'हे अक्षर पानावर या जागी काढ'. वाचण्याचा क्रम सॉफ्टवेअरला अंदाजाने लावावा लागतो. दोन कॉलमचा डिझाइनवाला रेझ्युमे असेल तर डावीकडचं 'एक्सेल' आणि उजवीकडचं 'बी.कॉम., २०२३' एकाच ओळीत चिकटू शकतं. फोन नंबरऐवजी नुसता आयकॉन, कौशल्यांपुढे पाचपैकी चार तारे, हे मशिनला कळतच नाही. (आणि माणसाला तरी काय कळतं? 'कम्युनिकेशन चार तारे' म्हणजे नेमकं किती?) रेझ्युमे फोटो म्हणून सेव्ह केला असेल तर आत अक्षरच नसतं. आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट: मराठी मजकूर क्रुती देवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल, तर दिसायला मराठी, पण आतून इंग्रजी अक्षरांची खिचडी. मराठी लिहाल तिथे युनिकोडच वापरा.

तपासायचं कसं? फोनवरच होतं. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करा, कॉपी करून नोट्स ॲपमध्ये पेस्ट करा. तिथे सरळ क्रमाने वाचता आलं तर ठीक. नाही आलं तर एका कॉलमचा साधा रेझ्युमे करा. एटीएस म्हणजे उमेदवारांच्या अर्जांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. ते राक्षसासारखं बसून सगळ्यांना फेकून देतं, असं काही नाही. बऱ्याचदा एचआरमधलं माणूसच त्यात शब्द टाकून शोधतं: 'गूगल ॲड्स', 'मराठी', 'पुणे'. तुमची फाईल नीट वाचली गेली नसेल तर त्या शोधात तुम्ही सापडत नाही. म्हणून जाहिरातीत जो शब्द आहे, आणि जे काम तुम्ही खरंच केलंय, ते त्याच शब्दात लिहा.

जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, शेवटी 'वरील माहिती खरी आहे' असं घोषणापत्र आणि सही, हे सगळं काढा. तो लग्नाचा बायोडाटा नाहीये. उंची आणि रास तेवढी राहिलेली असते! फ्रेशरसाठी एक पान पुरतं.

आता खरा मुद्दा. माझी मामेबहीण सांगलीची, बी.कॉम., पुण्यात तीन महिन्यांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केलेला. तिने मला रेझ्युमे पाठवला. वर 'आव्हानात्मक वातावरणात माझी कौशल्यं वापरून कंपनीच्या प्रगतीला हातभार लावणे', मध्ये एसईओ, एसईएम, एसएमएम, खाली 'अनुभव: फ्रेशर'. मी फोन केला तर म्हणाली, "दादा, माझ्याकडे एक्सपिरियन्सच नाहीये रे. मी काय लिहू?"

मी विचारलं, "मामीच्या फराळाच्या ऑर्डर कोण घेतं?"

"मीच. पण ते घरचं काम आहे ना."

मामी दिवाळीत ऑर्डरवर फराळ करते. गेली दोन वर्षं व्हॉट्सॲप हिच्याकडे. हिने बिझनेस ॲपवर कॅटलॉग बनवला. ब्रॉडकास्टचा मेसेज सगळ्यांना जात नाही हे हिच्या लक्षात आलं. ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोहोचतो. मग हिने प्रत्येक डब्यावर छोटं लेबल लावलं, 'पुढच्या दिवाळीसाठी नंबर सेव्ह करा'. पुण्यात रूम करून राहणारी पोरं किलोकिलोने घेत नाहीत, म्हणून अर्ध्या किलोचा मिक्स डबा सुरू केला. पहिल्या दिवाळीत ६५ ऑर्डर, दुसऱ्या दिवाळीत १४०. आधीच्या ६५ पैकी ५२ घरं परत आली. हे सगळं मामीच्या वहीत तारखेनिशी लिहिलेलं आहे.

अहो, हे मार्केटिंगच आहे! ग्राहकांचा नवा गट ओळखणं, त्यांच्यासाठी पॅक बदलणं, जुना ग्राहक टिकवणं. कोर्सच्या असाइनमेंटमध्ये खोट्या ब्रँडसाठी केलेल्या पोस्टपेक्षा याला जास्त वजन आहे, कारण इथे खरे पैसे आले. ज्यांच्या घरी दुकान आहे, ज्यांनी मंडळाच्या गणपतीची वर्गणी-जाहिरात सांभाळली, कॉलेजच्या फेस्टला स्पॉन्सर आणले, त्यांनी सगळ्यांनी 'अनुभव' या रकान्याकडे परत एकदा बघा.

लिहायचं कसं? रेझ्युमे इंग्रजीत असेल, मी इथे मराठीत सांगतो. 'सोशल मीडिया हाताळला' असं लिहू नका. 'घरगुती फराळ व्यवसायाची व्हॉट्सॲप विक्री सांभाळली. ऑर्डर एका वर्षात ६५ वरून १४०. आधीच्या वर्षीच्या ६५ पैकी ५२ ग्राहक परत आले' असं लिहा. काय केलं, कुठून कुठे गेलं, आणि किती काळात.

'कुठून' हे सोडू नका. '३०० टक्के वाढ' वाचून मला तरी लगेच शंका येते. ४ ऑर्डरच्या १६ झाल्या तरी ती ३०० टक्केच! जाहिरातीचं काम असेल तर खर्चही लिहा. समजा ६,००० रुपये खर्चून १२० जणांनी चौकशी केली, म्हणजे एका चौकशीमागे ५० रुपये. त्यातल्या ९ जणांनी विकत घेतलं, म्हणजे एका ग्राहकामागे साधारण ६६७ रुपये. दोन्ही आकडे लिहिणारा उमेदवार वेगळा दिसतो, कारण बहुतेक जण फक्त पहिला, गोड आकडा लिहितात. मुलाखतीत पुढचा प्रश्न ठरलेला: "हे तुम्हाला कसं कळलं?" बहिणीचं उत्तर आहे, 'वही'. तुमचं ॲड्स मॅनेजरचा स्क्रीनशॉट असेल. उत्तर नसेल तर तो आकडा लिहू नका. आणि १४० ऑर्डर एकट्या तुमच्यामुळे आल्या असंही लिहू नका. मामीच्या चकलीचा काही वाटा असेल की नाही?

हे मी एवढं ताणून का सांगतोय, तर त्याच आठवड्यात एका क्लासवाल्याने तिला सांगितलं होतं की पैसे भरा, दोन वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर करून देतो. आणि मामी फराळाच्या पैशातून ते भरायला तयार झाली होती. म्हणजे बघा, घरात दोन वर्षांचा खरा अनुभव पडलेला, तो रेझ्युमेत नाही, आणि त्याच कमाईतून खोटा विकत घ्यायचा! बऱ्याच कंपन्या पार्श्वभूमी तपासतात: पीएफच्या यूएएनवर आधीच्या नोकऱ्यांची नोंद दिसते, सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ मागतात. जॉइन झाल्यावर पकडलं गेलं तरी नोकरी जाऊ शकते. मामीला हे समजावायला मला अर्धा तास लागला. "सगळेच करतात म्हणे," हे तिचं वाक्य अजून कानात आहे.

जाहिरात वाचण्याबद्दल थोडं. 'मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह' या नावाखाली आपल्याकडे अनेकदा दारोदारची विक्री किंवा टेलिकॉलिंग असतं. ते काम वाईट नाही, पण तुम्हाला तेच हवंय का ते बघा. 'टार्गेट', 'फील्ड', 'टू-व्हीलर आवश्यक' हे शब्द दिसले की समजून घ्या. आणि रजिस्ट्रेशन फी मागितली तर सरळ ब्लॉक करा.

सर्टिफिकेटांमध्ये गूगलच्या स्किलशॉपवरचं ॲड्सचं आणि हबस्पॉट अकॅडमीचं, दोन्ही फुकट मिळतात. ॲड्सचं वर्षभर चालतं, मग परत परीक्षा. ॲनालिटिक्स लिहाल तर 'जीए४' लिहा, कारण जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्सने १ जुलै २०२३ पासून नेहमीच्या वेबसाइटांचा नवा डेटा घेणं बंद केलं. अजून जुन्याच स्क्रीनवर शिकवणारा क्लास असेल तर फी परत मागा, गंमत नाही करत.

आणि मराठी ही भाषा म्हणून खाली कोपऱ्यात लिहू नका, कौशल्य म्हणून लिहा. महाराष्ट्रात माल विकणाऱ्या कंपनीला मराठी कॉपी लागते, आणि अर्ध्या मराठी जाहिराती हिंदीवरून उचलून आणल्यासारख्या असतात. स्वतः लिहिलेल्या चार ओळींच्या तीन जाहिराती एका ड्राइव्ह लिंकवर ठेवा. लिंक सगळ्यांना उघडते का, ते दुसऱ्याच्या फोनवर बघा.

आता कव्हर लेटर. बऱ्याच ठिकाणी ई-मेलचा मजकूर म्हणजेच कव्हर लेटर, आणि तो दीडशे-दोनशे शब्दांपलीकडे नको. 'सविनय विनंती की' हा शाळेतल्या रजेच्या अर्जाचा सूर सोडा. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्झासाठी असंच एक पत्र तयार केलं होतं. त्यात आधी पूल, तोफा, वेढा फोडायची यंत्रं, आणि चित्रकला पार शेवटी. समोरच्याला त्या वेळी काय हवंय, ते आधी.

तुम्हाला ते कुठे सापडेल? कंपनीच्या इन्स्टाग्रामच्या कमेंटमध्ये. समजा कोल्हापूरची एक मसाला कंपनी आहे. पत्र असं असू शकतं:

'तुमच्या कांदा-लसूण मसाल्याच्या रीलखाली अकरा जणांनी विचारलंय की पुण्यात हा कुठे मिळेल. सांगलीतल्या आमच्या घरगुती फराळ व्यवसायातही पुण्याहून असेच प्रश्न यायचे. मी त्यांच्यासाठी अर्ध्या किलोचा डबा सुरू केला, आणि एका वर्षात एकूण ऑर्डर ६५ वरून १४० झाल्या. मला संधी मिळाली तर पहिल्या महिन्यात अशा कमेंट गोळा करून कोणत्या भागातून किती मागणी आहे त्याची यादी करेन. मराठीत लिहिलेल्या तीन जाहिरातींची लिंक खाली दिली आहे. रेझ्युमे सोबत आहे.'

बस. 'मी मेहनती आणि टीम प्लेयर आहे' कुठेच नाही. ते अकरा मात्र खरे मोजलेले हवेत. चॅटजीपीटीकडून इंग्रजी सुधारून घ्या, जरूर. पण त्या रीलखालच्या कमेंट तुम्ही वाचल्याशिवाय त्याला ठाऊक नसतात, म्हणून नुसतं 'कव्हर लेटर लिहून दे' म्हटलं की सगळ्यांना जवळपास एकच पत्र मिळतं.

बहिणीला नव्या रेझ्युमेवर आतापर्यंत दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावलंय. एका ठिकाणी त्यांनी वही दाखवायला सांगितली, आणि तिने खरंच व्हिडिओ कॉलवर दाखवली. पुढच्या भागात मुलाखतीबद्दलच बोलू. तुमचा रेझ्युमे मला बघायला पाठवायचा असेल तर नाव, फोन, पत्ता खोडून पाठवा. आणि त्याआधी ती नोट्स ॲपवाली टेस्ट करा, प्लीज!