‘लुकिंग फॉरवर्ड टू’च्या पुढे काय?

मागचं व्याख्यान संपल्यावर एका मुलीने तिच्या नोकरीच्या अर्जाचा मसुदा आम्हाला दाखवला. इंग्रजी नीटनेटकं होतं, पण शेवटची ओळ अशी: ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’ तिथे ‘हिअरिंग’ हवं, असं आम्ही म्हटलं. तिने विचारलं, “पण सर, ‘टू’च्या पुढे मूळ क्रियापद येतं ना?” प्रश्न रास्त आहे, म्हणून आज तोच घेऊ.

इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. ‘आय वॉन्ट टू गो’मधला क्रियापदाचा. ‘आय वेंट टू पुणे’मधला मात्र शब्दयोगी अव्यय, त्याला पुढे नाम लागतं. ओळखायचं कसं? पुढे एखादं नाम ठेवून बघायचं. ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर लेटर’ चालतं. म्हणजे तिथे क्रियापद आणायचं तर आधी त्याचं नाम करावं लागणार: ‘हिअरिंग’. यालाच जेरंड म्हणतात.

हे आपल्याला परकं नाही. आपण ‘जातोपूर्वी’ म्हणत नाही, ‘जाण्यापूर्वी’ म्हणतो. ‘वाचण्याऐवजी’ म्हणतो. क्रियापदाला ‘णे’ लावून नाम केलं, मग अव्यय जोडलं. ‘बिफोर गोइंग’, ‘इन्स्टेड ऑफ रीडिंग’ म्हणजे तेच.

घोटाळा करतं ते आपलं ‘-ायला’. ‘घर शोधायला त्रास झाला’ हे मनात आलं की तोंडात ‘टू फाइंड’ येतं. इंग्रज म्हणतो, ‘आय हॅड डिफिकल्टी फाइंडिंग द हाउस’. इथे अव्यय कुठे आहे? ‘डिफिकल्टी इन फाइंडिंग’ असंही म्हणतात. त्यातलं ‘इन’ गळलं, ‘आयएनजी’ राहिलं. ‘वर्थ सीइंग’, ‘बिझी कुकिंग’, ‘इट्स नो यूज क्राइंग’ ही याच पंगतीतली. ‘कान्ट हेल्प लाफिंग’मध्ये ‘हेल्प’ म्हणजे मदत नव्हे, टाळणं: हसणं टाळता येत नाही. (मध्ये ‘बट’ आला की पुन्हा मूळ क्रियापद, ‘कान्ट हेल्प बट लाफ’. हे पाठच करावं, इलाज नाही.)

खरी जपायची जागा पुढेच आहे. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग अ‍ॅट नाइट’ म्हणजे मला रात्री काम करायची सवय आहे. ‘आय यूज्ड टू वर्क अ‍ॅट नाइट’ म्हणजे पूर्वी करायचो, आता नाही. ‘हिअर’ची चूक वाचणारा एक वेळ सोडून देईल. पण इथे दुसरं वाक्यही व्याकरणाने बिनचूक आहे, त्यामुळे मुलाखत घेणाऱ्याला चूक दिसतच नाही. तो एवढंच समजतो, की याने रात्रपाळी सोडली.

त्या मुलीने शेवटची ओळ दुरुस्त केली. मग मसुदा परत उलटला आणि दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, ‘आय यूज्ड टू वर्क अंडर प्रेशर’.