घरी इलेक्ट्रिक गिटार कशी बनते? मिरजेच्या सतारीपासून समजून घेऊया



मागच्या वर्षी पाचवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होतो. एका मुलानं विचारलं, "सर, हे दोन छेद तीन, तीन छेद चार आपल्याला कुठं लागतं?" मी नेहमीप्रमाणं भाकरीचे तुकडे केले, पण त्याचं काही समाधान झालं नाही. मग पुढच्या आठवड्यात मी एक लाकडी फळी, गिटारची एक स्टीलची तार, दोन स्क्रू आणि दोन पेन्सिली घेऊन वर्गात गेलो. त्या फळीवरून सुरू झालेला विषय घरी गिटार बनवण्यापर्यंत गेला. तोच आज तुमच्यासमोर मांडतोय.

तार काय सांगते?

फळीच्या दोन टोकांना स्क्रू बसवून तार ताणली. तारेखाली दोन पेन्सिली सरकवल्या आणि त्यांच्यातलं अंतर बरोबर ६० सें.मी. ठेवलं. तार छेडली, तो आपला 'सा' धरला. आता ३० सें.मी. वर, म्हणजे निम्म्यावर, तार दाबून छेडली, तर वरचा 'सा' मिळाला. ४० सें.मी. म्हणजे दोन तृतीयांश तार वाजवली, तर 'प'. ४५ सें.मी. म्हणजे तीन चतुर्थांश वाजवली, तर 'म'. शेजारी पेटी ठेवून पोरांनीच सूर जुळवून बघितले. प्रश्न विचारणारा मुलगा नंतर पट्टी सोडायलाच तयार नव्हता.

तारेचे नियम तीनच. तार लांब केली की सूर खाली जातो, जास्त ताणली की वर जातो, जाड तार घेतली की परत खाली जातो. जगातलं कुठलंही तंतुवाद्य याच नियमांवर चालतं.

पण एक अडचण आली. मागच्या बाकावरची मुलं म्हणाली, "सर, ऐकूच येत नाही!" खरं आहे. तार बारीक असते, ती एकटी हवा फारशी हलवू शकत नाही. म्हणजे तारेचा आवाज कुणीतरी मोठा करायला हवा. तो कोण करतं, यावरच सतार आणि इलेक्ट्रिक गिटार वेगळ्या होतात.

मिरजेचं उत्तर : भोपळा

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत हे काम दीडशेहून जास्त वर्षं चाललंय. फरीदसाहेब सतारमेकर हे तिथले पहिले नामवंत कारागीर मानले जातात. त्यांचं घराणं शिकलगारांचं, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारं. इंग्रजी अमलात हत्यारांचं काम कमी झालं आणि हे हात वाद्यांकडं वळले. पुढं खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाले, आणि गायकांचं व कारागिरांचं नातं आणखी घट्ट झालं.

तंबोऱ्याचा भोपळा आपल्या भाजीतला नव्हे. तो कडू, जाड सालीचा असतो आणि पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतो. तो वाळवतात, कापतात, भिजवून आतून साफ करतात, आकार देतात. त्याला लाकडी गळा आणि दांडी जोडतात. वर लाकडाची पातळ तबली बसते. तबलीवर घोडी, घोडीवर तार. तार हलली की घोडी हलते, घोडीमुळं तबली हलते आणि भोपळ्यातली हवा घुमते. झाला आवाज मोठा!

सगळ्यात अवघड काम म्हणजे जवारी. घोडीचा वरचा भाग इतका हलका घासायचा, की तार त्याला अलगद चाटत राहील. त्यातूनच तंबोऱ्याचा तो झंकार येतो. यासाठी कुठलं मोजमाप नाही. कारागीर घासतो, वाजवतो, ऐकतो, परत घासतो.

आणि 'कस्टमाइज' हा शब्द आज नवा वाटला, तरी मिरजेला ते काम जुनंच आहे. पुरुष गायकाचा तंबोरा मोठा, स्त्री गायिकेचा लहान. गाणाऱ्याचा सूर विचारून तारा निवडायच्या, त्याच्या कानाला पटेल तशी जवारी काढायची.

इलेक्ट्रिक गिटारचं उत्तर : चुंबक

आता भोपळा काढून टाका. तारेखाली एक चुंबक ठेवा आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे द्या. याला पिकअप म्हणतात. वरची स्टीलची तार चुंबकाजवळ थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी छोटा विद्युतप्रवाह तयार होतो. हे तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं. सायकलच्या डायनामोतही तेच असतं. तो छोटा प्रवाह अॅम्प्लिफायर मोठा करतो आणि स्पीकरमधून आवाज येतो.

इथं एक गंमत लक्षात घ्या. हा पिकअप तंबोऱ्याखाली धरला, तर स्टीलच्या तारा बोलतील, पण खर्जाची पितळी तार जवळजवळ गप्प राहील, कारण पितळेला चुंबक ओढत नाही. भोपळ्याला मात्र तार कसलीही चालते.

भोपळ्याची गरज संपल्यामुळं गिटारचं अंग भरीव लाकडाचं करता येतं. पोकळ गिटारला पिकअप लावला, तर स्पीकरचा आवाज परत तिच्या पोटात शिरून ती शिट्टी मारायला लागते. भरीव लाकडात हा त्रास खूप कमी होतो. आणि भरीव फळी कापणं घरी जमण्यासारखं आहे!

घरी बनलेली एक प्रसिद्ध गिटार

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला बोर्डिंग शाळेत एक पारशी मुलगा शिकायला होता, फारुख बलसारा. तोच पुढं 'क्वीन' या इंग्लंडमधल्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच बँडमधला गिटारवादक ब्रायन मे. त्याला किशोरवयात दुकानातली गिटार परवडत नव्हती. म्हणून १९६३ मध्ये त्यानं वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. दांडीसाठी लाकूड घेतलं जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. तारा ताणणाऱ्या भागात मोटारसायकलच्या स्प्रिंगा. दांडीवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. या कामाला सुमारे दोन वर्षं लागली. पुढं आयुष्यभर, मोठमोठ्या मैदानांवरसुद्धा, तो मुख्यतः हीच गिटार वाजवत आला.

पट्ट्यांचं गणित

सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, रागाप्रमाणं सरकवता येतात. गिटारच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट मात्र लाकडात ठोकून बसवतात. चुकलं की चुकलं. म्हणून आधी गणित करायचं.

रीत सोपी आहे. तारेच्या लांबीला १७.८१७ नं भागा, तिथं पहिली पट्टी. उरलेल्या लांबीला परत १७.८१७ नं भागा, तिथं दुसरी. तार ६० सें.मी. असेल तर पहिली पट्टी ३.३७ सें.मी. वर, दुसरी त्यापुढं ३.१८ सें.मी. वर. असं करत बारावी पट्टी बरोबर ३० सें.मी. वर येते, म्हणजे निम्म्यावर. आणि सातव्या पट्टीनंतर उरलेली तार भरते ४०.०५ सें.मी. म्हणजे आपला 'प'!

इथं माझी झालेली चूक सांगतो. मी प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीपासून मोजली. दर वेळी अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं. बाराव्या पट्टीला बघतो तर ३० च्या जागी ३०.५! चांगली फळी वाया गेली. तेव्हा सगळी अंतरं आधी वहीत लिहा, त्यांची बेरीज करत जा आणि प्रत्येक खूण एकाच टोकापासून मोजा.

तुम्ही काय बदलू शकता?

- पिकअप घोडीजवळ ठेवला तर आवाज टोकदार, दांडीकडं सरकवला तर गोल.
- जाड तारा लावल्या तर आवाज भरदार, पण बोटं दुखतात.
- तारा पट्टीच्या जवळ आणल्या तर वाजवायला हलकं, पण फार जवळ आल्या की खरखरतात.

पिकअपसाठी बारीक तांब्याची तार मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळते. मुलांनी हे काम मोठ्यांसोबतच करावं. अॅम्प्लिफायर बॅटरीवरचा घ्यावा, घरातल्या विजेला हात लावू नये. तार ताणताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण तुटलेली तार चाबकासारखी येते.

शेवटी थोडं

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे. पण मोबाइलवरच तंबोरा वाजायला लागल्यावर हातानं बनवणाऱ्याचं काम सोपं राहिलेलं नाही. पट्ट्यांचं गणित वहीत लिहून ठेवता येतं. जवारी मात्र शेजारी बसून, वर्षानुवर्षं ऐकूनच शिकावी लागते. शिकणारा पोरगा शेजारी बसलाच नाही, तर ती कुठल्या पुस्तकातून परत मिळवणार?

म्हणून शिक्षक बंधू-भगिनींनो, सहल काढाल तेव्हा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत अर्धा तास नक्की थांबा. आधी विचारून घ्या, कामात व्यत्यय आणू नका, आणि मुलांना जवारीचं काम बघू द्या.

कृती :
१. ६० सें.मी. ऐवजी ७२ सें.मी. तार घ्या. 'प' आणि 'म' कुठं येतील ते आधी काढा, मग वाजवून तपासा.
२. फळीखाली रिकामा पत्र्याचा डबा ठेवून तार छेडा. आवाजात काय फरक पडला? डब्यानं कुणाचं काम केलं?
३. घरातल्या पाच धातूच्या वस्तूंना चुंबक लावून बघा. यांपैकी कुणाची तार इलेक्ट्रिक गिटारला चालेल?

उत्तरं वहीत लिहा आणि वर्गात वाजवून दाखवा.