‘नीत्शे’ या आडनावाची व्युत्पत्ती आणि प्रसार

इ. स. १८८८ च्या एप्रिल महिन्यात फ्रीडरिख नीत्शे याने डेन्मार्कमधील समीक्षक गेओर्ग ब्रांडेस याला आपला अल्पसा जीवनवृत्तान्त लिहून पाठविला. ब्रांडेस त्या वेळी कोपनहेगन येथे नीत्शेच्या विचारांवर व्याख्याने देत होता आणि जवळजवळ अज्ञात अशा या तत्त्वज्ञाविषयी श्रोत्यांना चार शब्द सांगणे त्याला आवश्यक होते. या वृत्तान्तात नीत्शे सांगतो की, आपले पूर्वज पोलिश सरदार होते, त्यांचे नाव ‘नीएत्स्की’ असे होते, आणि तीन पिढ्या जर्मन माता लाभूनही घराण्याचा मूळ साचा टिकून राहिला आहे. परदेशात लोक आपणास पोलिश समजतात, हेही तो मोठ्या समाधानाने नमूद करतो. त्याच वर्षाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या ‘एक्के होमो’ या आत्मपर ग्रंथात हाच दावा पुन्हा येतो. १९०८ साली तो ग्रंथ प्रथम प्रसिद्ध झाला, तेव्हा संबंधित परिच्छेद त्याच्या आधीच्या, सौम्य रूपात छापला गेला. नीत्शेने अगदी शेवटी मुद्रकाकडे धाडलेले त्याचे जहाल रूप, ज्यात जर्मन रक्ताचा एक थेंबही आपल्यात नाही असे तो म्हणतो, ते कोली व मोंतिनारी यांच्या चिकित्सक आवृत्तीत १९६९ साली वाचकांसमोर आले.

या दाव्यामागील मानसिक कारणे शोधण्याचे काम चरित्रकारांनी पुष्कळ केले आहे. बिस्मार्कच्या साम्राज्याविषयी नीत्शेला वाटणारी घृणा सर्वश्रुत आहे. जर्मन राष्ट्रवादाच्या गोंगाटापासून आपली कुळी तरी वेगळी असावी, ही इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु दावा आडनावावर आधारलेला आहे, आणि आडनाव ही भाषेची वस्तू आहे. तिची परीक्षा भाषाशास्त्राच्या कसोटीवर होऊ शकते. नव्हे, झाली पाहिजे.

‘नीत्शे’ हे मूळचे आडनाव नव्हे. ते व्यक्तिनामाचे लघुरूप आहे आणि ते व्यक्तिनाम म्हणजे ‘निकोलाउस’. ग्रीक ‘नीके’ म्हणजे विजय व ‘लाओस’ म्हणजे लोक, यांपासून बनलेले हे नाव आशिया मायनरमधील मायरा नगरीचा बिशप संत निकोलस याच्यामुळे ख्रिस्ती जगात पसरले. १०८७ साली या संताच्या अस्थी दक्षिण इटलीतील बारी येथे आणल्या गेल्या, आणि त्यानंतर आल्प्सच्या उत्तरेस त्याच्या भक्तीला भरती आली. तो नावाडी व व्यापारी यांचा पालक मानला जाई. त्यामुळे बाराव्या-तेराव्या शतकांत पूर्वेकडे नव्याने वसलेल्या बाजारपेठांच्या गावी निकोलसचे चर्च हमखास आढळते. लाइपझिग येथील प्रसिद्ध निकोलस चर्चचा प्रारंभही बाराव्या शतकातच झाला. ज्या प्रदेशात संत लोकप्रिय, तेथे त्याच्या नावाची मुले पुष्कळ, आणि जेथे एकाच नावाची मुले पुष्कळ, तेथे त्या नावाची लघुरूपेही पुष्कळ, हा क्रम स्वाभाविकच होय. मराठीत रामचंद्राचा राम्या आणि गणेशाचा गण्या होतो, त्यात आणि या प्रक्रियेत तत्त्वतः भेद नाही. भेद एवढाच की, जर्मन प्रदेशात अशी कित्येक घरगुती रूपे पुढे वंशपरंपरागत आडनावे होऊन बसली.

‘निकोलाउस’चे लघुरूप कोणत्या बाजूने कापले गेले, हे पाहणे उद्बोधक आहे. जर्मन भाषाप्रदेशाच्या पश्चिम व उत्तर भागांत नावाचा शेवट राखला गेला. त्यातून ‘क्लाउस’, ‘क्लास’ आणि पुढे ‘क्लाउसेन’, ‘क्लासेन’ ही आडनावे निघाली. पूर्व-मध्य प्रदेशात, म्हणजे सॅक्सनी, लाउझित्स व सायलेशिया या भागांत, प्रारंभीचा अवयव टिकून राहिला आणि ‘निकेल’, ‘नित्श’, ‘नित्शे’ ही रूपे उत्पन्न झाली. या रूपांतील अन्त्य ‘-शे’ हा ध्वनी जर्मन घडणीचा नाही. जाले नदीच्या पूर्वेस बाराव्या शतकापूर्वी सोर्ब या स्लाव लोकांची वस्ती होती. खुद्द ‘लाइपझिग’ हे नाव लिंडेन वृक्षाच्या स्लाव नावापासून आले आहे. फ्रँकोनिया, थुरिंजिया इत्यादी प्रदेशांतून जर्मन शेतकरी व कारागीर तेथे येऊन वसले, तेव्हा दोन भाषा शेजारी-शेजारी आणि पुष्कळदा एकाच घरात नांदू लागल्या. स्लाव भाषांत नावाचा पूर्वार्ध घेऊन त्याला ‘श’कारयुक्त प्रत्यय लावण्याची चाल जुनी आहे. पोलिशमध्ये आजही ‘यान’चा ‘याश’ आणि ‘स्तानिस्वाव’चा ‘स्ताश’ होतो. हीच चाल जर्मन नावांना लागू झाली. ‘फ्रीडरिख’पासून ‘फ्रित्शे’, ‘डीट्रिख’पासून ‘डीत्श’, ‘हान्स’पासून ‘हान्त्श’ आणि ‘निकोलाउस’पासून ‘नित्शे’ ही सर्व एका कुळातील भावंडे आहेत. फ्रीडरिख आणि डीट्रिख ही तर शुद्ध जर्मन नावे. त्यांनाही हा प्रत्यय लागला, यावरून प्रत्यय वापरणारा प्रत्येक जण स्लाव वंशाचा होता असे मानण्यास आधार उरत नाही. शेजाऱ्याकडून शब्द घेतात, तसा प्रत्ययही घेतात.

आता पोलिश मूळाच्या कल्पनेकडे वळता येईल. तिच्याविरुद्ध दोन भाषिक पुरावे आहेत. पहिला आद्य व्यंजनाचा. पोलिशमध्ये निकोलसचे रूढ रूप ‘मिकोवाय’ आहे, चेकमध्ये ‘मिकुलाश’, आणि सोर्ब भाषेतही ते ‘म’कारानेच सुरू होते. पश्चिम स्लाव भाषांत या नावातील ‘न’चा ‘म’ झाला, ही जुनी आणि सर्वपरिचित घटना आहे. पोलिश तोंडातून घडलेले लघुरूप सामान्यतः ‘मिक-’ असे असावयास हवे. ‘नि-’ हा प्रारंभ जर्मन उच्चाराची खूण आहे. या नियमाला अपवाद नाहीत असे नव्हे, कारण जर्मन रूपे पोलंडच्या शहरांतही शिरली होती. तेव्हा हा पुरावा एकटा निर्णायक मानू नये. दुसरा पुरावा प्रत्ययाचा आहे. पोलिश सरदार घराण्यांची ‘-स्की’, ‘-त्स्की’ अशी आडनावे बहुधा जमिनीच्या किंवा गावाच्या नावापासून बनलेली विशेषणे असतात. जर्मन प्रदेशात आल्यावर त्यांचे लेखन बदलते, पण शेवटचा ‘की’ सहसा जात नाही. ‘नीएत्स्की’ या नावाचे जर्मनीकरण झाले असते तर ते तसेच किंवा त्याच्या अगदी जवळ राहिले असते. ‘की’ गळून त्याजागी ‘शे’ येण्याचे कारण ध्वनिनियमांत सापडत नाही. उलट ‘निकोलाउस’पासून ‘नित्शे’पर्यंतची वाट त्याच प्रदेशातील शेकडो कुटुंबांनी तुडविलेली आहे.

येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. नीत्शे हा व्यवसायाने अभिजात भाषांचा पंडित. चोविसाव्या वर्षी, १८६९ साली, तो बाझेल येथे प्राध्यापक झाला. १८८७ च्या ‘नीतीची वंशावळ’ या ग्रंथात त्याने ‘चांगले’ व ‘वाईट’ या अर्थांच्या शब्दांची व्युत्पत्ती हाच आपल्या युक्तिवादाचा पाया केला, आणि पहिल्या निबंधाच्या अखेरीस नैतिक कल्पनांच्या इतिहासावर शब्दव्युत्पत्ती काय प्रकाश टाकते, या विषयावर विद्यापीठांनी स्पर्धा-निबंध मागवावेत अशी सूचनाही केली. इतक्या सावध अभ्यासकाने स्वतःच्या आडनावापुरती घरातील दंतकथा प्रमाण मानली! त्याच्या भगिनीने, एलिझाबेथ फ्योर्स्टर-नीत्शे हिनेही, आपल्या चरित्रग्रंथात ही पोलिश परंपरा नोंदविली आहे. म्हणजे ती केवळ त्याच्या कल्पनेची निर्मिती नव्हती.

आडनावाचे दुर्मिळपण हा वेगळा विषय आहे आणि त्याचे उत्तर लेखनात आहे. एकाच नावाची निदान तीन रूपे प्रचलित आहेत. ऱ्हस्व ‘इ’ व ‘टी-एस-सी-एच’ हा अक्षरसमूह असलेले सर्वांत अधिक आढळते; त्यात ‘झेड’ची भर घालणारे दुसरे रूप बरेच कमी; आणि ‘आय-ई’ अशा दीर्घ स्वरासह ‘टी-झेड-एस-सी-एच’ ही पाच व्यंजने बाळगणारे तत्त्वज्ञाचे रूप सर्वांत विरळ. पाच अक्षरांचा हा समूह सॅक्सन लेखनिकांची खास करामत आहे. स्लाव नावांतील ‘च’ व ‘श’ या ध्वनींसाठी लॅटिन लिपीत सोय नव्हती, म्हणून कचेरीतील लेखनिक हाताशी येतील ती अक्षरे एकापुढे एक मांडीत गेले. लाइपझिगच्या परिसरातील ‘लॉइत्श’, ‘डेलित्श’ या स्थलनामांतही हाच समूह दिसतो. प्रत्यक्ष उच्चारात या सर्व पसाऱ्याचे मोल एका ‘च’काराहून फारसे अधिक नाही. मराठीत ‘नीत्शे’ हे लेखन रूढ झाले हे बरेच झाले. कानाला प्रमाण मानून लिहिले असते, तर त्या तत्त्वज्ञाच्या विरोधकांना आयते साधन मिळाले असते.

जुन्या चर्च-नोंदींत एकाच कुटुंबाचे नाव बापाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी एका प्रकारे आणि मुलाच्या वेळी दुसऱ्या प्रकारे लिहिलेले सहज आढळते. लेखन ठरविणारा नावाचा धनी नसे, तर लेखणी हातात असलेला धर्मोपदेशक असे. १८७५ च्या कायद्याने पुढील वर्षाच्या आरंभापासून संपूर्ण जर्मन साम्राज्यात जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद सरकारी कचेऱ्यांकडे गेली आणि त्या क्षणी जे रूप कागदावर होते ते गोठले. ‘मायर’ या आडनावाची चार-पाच लेखने आज स्वतंत्र आडनावे म्हणून नांदतात, ती याच कारणाने. आणि जर्मनीतील निरनिराळ्या आडनावांची संख्या सुमारे साडेआठ लाखांपर्यंत गेली, त्यातही अशा लेखनभेदांचा वाटा मोठा आहे. म्हणून ‘नीत्शे’ हे विरळ आडनाव आहे असे म्हणताना एवढेच म्हटले जाते की, एका सामान्य नावाचे एक विरळ लेखन आहे. कुळी दुर्मिळ असल्याचा तो पुरावा नव्हे.

आडनावांच्या भौगोलिक प्रसाराचा अभ्यास जर्मनीत आता भक्कम पायावर उभा आहे. फ्रायबुर्ग व माइन्त्स येथील विद्वानांनी सिद्ध केलेला जर्मन आडनावांचा नकाशासंग्रह २००९ ते २०१८ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला. त्याची सामग्री २००५ सालच्या दूरध्वनी-नोंदींची आहे. दूरध्वनीची नोंद म्हणजे जनगणना नव्हे, हे खरे. परंतु आडनावांचे तुलनात्मक दाट-विरळपण तिच्यावरून विश्वसनीय रीतीने कळते. ‘झेड’युक्त रूपे आजही सॅक्सनी व त्याच्या लगतच्या प्रदेशात एकवटलेली आहेत. ‘झेड’विरहित ‘नित्शे’ मात्र पश्चिमेकडेही विखुरलेले दिसते. त्याचे कारण ध्वनिशास्त्रात नसून इतिहासात आहे. हे रूप सायलेशियातही रुजलेले होते, आणि १९४५ नंतर तेथील जर्मन लोकवस्ती हुसकली गेली तेव्हा ती बव्हेरिया, लोअर सॅक्सनी, वेस्टफालिया अशा दूरच्या प्रांतांत पांगली. सहा शतके एका जागी वाढलेल्या नावाचा नकाशा दोन-तीन वर्षांत बदलला. आडनावांचे नकाशे वाचताना मूळ स्थान कोणते आणि आश्रयस्थान कोणते, याचा विवेक ठेवावा लागतो तो यासाठी.

तत्त्वज्ञाच्या प्रत्यक्ष पूर्वजांची साखळी या चित्रात नीट बसते. पिता कार्ल लुडविग (१८१३–१८४९) हा र्‍योकेन येथे धर्मोपदेशक होता. आजोबा फ्रीडरिख आउगुस्ट लुडविग (१७५६–१८२६) हे आयलेनबुर्ग येथे धर्मखात्यातील वरिष्ठ अधिकारी होते. पणजोबा गॉटहेल्फ एंगेलबर्ट (१७१४–१८०४) बिब्रा येथे अबकारी निरीक्षक. सर्व स्थळे सॅक्सनी-थुरिंजियाच्या पट्ट्यातील आहेत आणि सर्व व्यवसाय मध्यमवर्गीय. सरदारकीचा मागमूस नाही. वायमार येथील नीत्शे-संग्रहालयाचा चालक व तत्त्वज्ञाचा आप्त माक्स ओएलर याने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात चर्च-नोंदींवरून विस्तृत वंशावळ तयार केली, आणि पूर्वजांची नावे, त्यांच्या पत्नींच्या नावांसह, जर्मन आहेत असा निष्कर्ष काढला. तो काळ नाझी राजवटीचा होता. नीत्शे ‘शुद्ध जर्मन’ ठरणे त्या राजवटीला सोयीचे होते. नोंदी त्यामुळे खोट्या ठरत नाहीत, आणि पोलिश सरदारकीची कथा त्यांच्यापुढे टिकत नाही. परंतु नावे जर्मन म्हणून रक्त जर्मन, हे ओएलरचे दुसरे पाऊल पहिल्याइतके भक्कम नाही. ज्या आडनावासाठी हा सारा वाद झाला, त्यातच धातू ग्रीक, संत आशिया मायनरचा, प्रत्यय स्लाव, आणि बोलणारे सॅक्सन! जाले आणि नाइसे या नद्यांमधील कोणत्या शेतकऱ्याची आजी सोर्ब बोलत होती, हे नोंदवहीतील आडनाव सांगू शकत नाही. बापाचे नाव मुलाकडे गेले, एवढेच ते सांगते. पोलिश सरदारकी सिद्ध करण्यासाठी नीत्शेने आणि जर्मन वंशशुद्धी सिद्ध करण्यासाठी त्याच्या आप्ताने एकाच साक्षीदाराला उभे केले, आणि साक्षीदाराला यांपैकी कशाचीही माहिती नव्हती.

तत्त्वज्ञाच्या पित्याची पुरुषशाखा त्याच्याबरोबरच खुंटली. धाकटा भाऊ योजेफ १८५० साली बालपणीच वारला, फ्रीडरिख १९०० साली अविवाहित मरण पावला, आणि एलिझाबेथ हिला अपत्य नव्हते. पतिनिधनानंतर तिने माहेरचे नाव सासरच्या नावाला जोडून घेतले होते, तेही १९३५ साली तिच्याबरोबर संपले. आज पाच व्यंजनांचे ते लेखन बाळगणारी जी कुटुंबे जर्मनीत आहेत, ती या घराण्याच्या या शाखेची नव्हेत. निकोलस नावाच्या कोणा दुसऱ्या पूर्वजाचे, आणि दुसऱ्याच एखाद्या लेखनिकाच्या हाताचे, ते वारस आहेत.