डिझेल भरताना डोळे मापावर असू द्या

अलिबागकडचा पांढरा कांदा निघाला, माळा बांधून झाल्या, की पिकअप गाडी पेण-पनवेलची वाट धरते. श्रीवर्धनची रोठा सुपारी, चौल-रेवदंड्याच्या वाड्यांतले नारळ, मुरूडची मासळी, सगळ्यांचे तेच. मालाचा पैसा हातात पडण्याआधीच त्यातला मोठा वाटा गाडीच्या टाकीत गेलेला असतो. कांदा तोलताना काट्यावरून नजर न हलवणारा आपला माणूस पंपावर मात्र गाडीतच बसून राहतो, खिडकीतून नोटा पुढे करतो आणि "भर रे" म्हणून मोकळा होतो. हा उरफाटा हिशेब झाला.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे खाली उतरावे. गाडी पेट्रोलवर की डिझेलवर हे भरणाऱ्याला तोंडाने सांगावे. चुकीचे तेल पडलेच तर चावी फिरवू नये, गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी. यंत्रावरचा दरही बघावा. १६ जून २०१७ पासून देशभर हा दर रोज सकाळी सहाला बदलू शकतो, त्यामुळे गेल्या आठवड्याचा आकडा डोक्यात धरून चालत नाही. "झिरो बघा काका," असे पोरगा म्हणतो तेव्हा खरोखरच बघावे. नेमक्या त्याच वेळी दुसरा कोणी काच पुसायला किंवा पैसे मागायला पुढे आला, तर त्याला जरा थांबवावे. पावती मागून घ्यावी.

एवढ्याने मापाची खात्री होत नाही. त्यासाठी प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याने शिक्का मारलेले पाच लिटरचे माप ठेवावे लागते, आणि कोणत्याही गिऱ्हाइकाला त्यात तेल मोजून मागण्याचा हक्क आहे. त्याला वेगळा पैसा पडत नाही. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची घटबढ कायद्याला मान्य आहे. त्याहून कमी भरले तर बोलायचे. समजा माप १०० मिलिलिटर कमी निघाले, तर चाळीस लिटरच्या टाकीत पाऊण लिटरहून जास्त खोट बसली. आठवड्याला दोन फेऱ्या करणाऱ्या घराने याचा वर्षाचा हिशेब घरच्या बाईकडून करून घ्यावा. तिला तो लवकर जमेल.

पाचशे, हजार असा गोल आकडा सांगू नये, पाचशे दहा म्हणावे, अशी एक समजूत गावोगाव आहे. लबाडी करायचीच असेल तर ती पाचशे दहालाही होते. २०१७ साली आधी लखनौत आणि नंतर ठाणे पोलिसांच्या छाप्यांत महाराष्ट्रातही, यंत्रात चोरून बसवलेले इलेक्ट्रॉनिक तुकडे सापडले. आकडा बरोबर दिसे, झिरोही बरोबर दिसे, नळीतून मात्र तेल कमी येई. अशा वेळी डोळ्यांचा उपयोग नाही, पाच लिटरचे मापच हवे. काही ठिकाणी हे तुकडे दुरून बंद-चालू करता येत होते. म्हणून माप पुरे भरूनही सरासरी सतत घसरत असेल आणि गाडीत दोष नसेल, तर वैधमापन निरीक्षकाकडे लेखी तक्रार करावी. पंपावर तक्रारवही असते, तेल कंपनीच्या अधिकाऱ्याचा नंबरही लावलेला असतो.

मागे चार गाड्या हॉर्न वाजवत असताना माप मागायला लाज वाटते, हे खरे. सकाळी लवकर, गर्दी नसताना मागावे.

आता भेसळीचे. पेट्रोलचा एक थेंब गाळणकागदावर टाकला, तर दोनेक मिनिटांत उडून जातो. मागे डाग राहिला तर संशय घ्यावा. हा कागद पंपावर मागता येतो. डिझेलला ही युक्ती लागू नाही, कारण ते असे उडत नाही. त्याची घनता पाहावी लागते. काचेचे नळकांडे, तरंगमापी आणि तापमापी पंपावर असतात. आलेला आकडा १५ अंशांच्या हिशेबात बसवून नोंदीशी ताडतात, आणि फरक घनमीटरला ३ किलोहून जास्त निघाला तर ते तेल संशयाचे. आपल्या महाराष्ट्रात या भेसळीने माणूसही मारला आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ हा धंदा पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक भेसळ आहे, ती पावसाची. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरू शकते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते पाणी ओढून घेते, आणि पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून तळाशी बसतात. दमट हवेत अर्धी रिकामी टाकी आतून घामेजते, म्हणून पावसाळ्यात ती बऱ्यापैकी भरलेली ठेवावी, पण गळ्यापर्यंत नको. डिझेल गाडीच्या फिल्टरमधले पाणी मेकॅनिककडून वेळच्या वेळी काढून घ्यावे.

गवत कापायच्या मशीनसाठी पेट्रोलचा कॅन न्यायचा असेल, तर तो पिकअपच्या हौद्यात ठेवून कधीही भरू नये. हौद्यात प्लॅस्टिक किंवा ताडपत्री असली की कॅनवर साठलेली वीज जमिनीत उतरत नाही, आणि एक ठिणगी पुरते. इंधनासाठीचाच कॅन घ्यावा, खाली जमिनीवर ठेवावा, नळीचे टोक त्याच्या तोंडाला टेकवून भरावा.

आणि वादळ. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडच्या कितीतरी गावांत पुढे अनेक दिवस वीज नव्हती. पंपाची मोटर विजेवर चालते. जनित्र नसेल तर जमिनीखाली हजारो लिटर डिझेल असूनही थेंब वर येत नाही. वादळाचा इशारा आला की आदल्या दिवशीच टाकी भरून घ्यावी, आणि गाडी माडांपासून व विजेच्या खांबांपासून दूर, उंचवट्यावर लावावी. त्या दिवशी दोन्ही पडले होते.